यादी मिळाली

आमच्या विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर आहेत. एक ग्रंथालयाचं, तिथे मी बसते. दुसरं संगणक कक्षाचं, तिथे काका बसतात. मधे सहा पावलांचा व्हरांडा, टोकाला पाण्याचा नळ आणि एक लंगडा बाक. हे मी काकांबद्दल लिहायला बसले आहे, पण मधे माझाही संबंध येणार आहे. त्याला इलाज नाही.

काकांचं खरं नाव कार्यालयाच्या रजिस्टरात असेल. मुलं त्यांना सेव्हकाका म्हणतात. सव्वीस वर्षांपूर्वी ते कक्षात मदतनीस म्हणून लागले, तेव्हा तिथे चपला बाहेर काढून जावं लागायचं आणि यंत्रांना दुपट्यासारखी कापडं घातलेली असायची. वीज केव्हाही जायची. एकदा एका मुलीचे चाळीस पानांचे कष्ट वीज जाताच गडप झाले आणि ती तिथेच भोकाड पसरून रडली. त्या दिवसापासून काका खुर्च्यांच्या मागून फिरत दर पाच मिनिटांनी विचारू लागले, "सेव्ह केलं का?" आता यंत्रं आपली आपण सगळं सेव्ह करतात. तरी काका विचारतात. मुलं हसून "केलं, केलं" म्हणतात.

मलाही पहिले धडे त्यांनीच दिले. माझ्या ग्रंथालयात पहिलं यंत्र आलं तेव्हा मी त्याला हात लावायला घाबरायचे. काका म्हणाले, "बाई, बिनधास्त खेळा. बिघडलं तर सेव्ह न करता बंद करा. मूळ कागद होता तसाच राहतो." हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. आजवर कधी दगा दिला नव्हता त्याने.

माझ्याविषयी एवढंच सांगते की मी अनुक्रमावर जगणारी बाई आहे. बावीस वर्षांत माझ्याकडचं एक पुस्तक चुकीच्या कप्प्यात सापडलेलं नाही. घरी स्वयंपाकघरातले डबेसुद्धा अ पासून लावलेत. नवरा मीठ शोधताना बोटांवर अक्षरं मोजतो आणि पुटपुटतो.

तर दोन वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं की पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना 'कार्यालयीन संगणक कौशल्यं' शिकवा. नोकरी देणाऱ्यांच्या तक्रारी होत्या म्हणे. मला तर काही समजेना. पाळण्यातून फोन हातात घेऊन उतरलेली ही पोरं, त्यांना आणि काय शिकवायचं? एका कंपनीचा सुटाबुटातला माणूस आला, दोन तास पडद्यावर चित्रं दाखवून गेला. दुसऱ्या खेपेला वर्गात चार मुलं होती. मग विभागप्रमुख मॅडम काकांना म्हणाल्या, "तुम्ही एक दिवस बसा जरा वर्गावर."

तो एक दिवस काही संपला नाही. काका शिकवायचे म्हणजे खेळ मांडायचे. ते माझ्या ग्रंथालयात येऊन माझ्या फोनवरून वर्गातल्या कुणाला तरी फोन लावत आणि साहेबाचा आवाज काढत, "अहो, तीन महिन्यांपूर्वी तुम्ही मला एक पत्र दाखवलं होतं, ते पाठवा. दोन मिनिटांत." मी समोरच्या दारातून बघायचे. कुणी सगळं पालथं घालतंय, कुणाच्या यंत्रावर 'अंतिम', 'अंतिम खरं', 'अंतिम याच्यापुढे नाही' अशी सात पत्रं. एकाने पडद्याचा फोनने फोटो काढून पाठवला. एकीने सबंध पत्र विषयाच्या ओळीत कोंबलं. काका दोन मिनिटं झाली की टाळी वाजवत आणि म्हणत, "साहेब गेले मीटिंगला. तुमचं राहिलं." रागावणं नाही, काही नाही. पुन्हा पहिल्यापासून.

त्यांचे नियम मला पाठ झाले होते, कारण ते व्हरांड्याभर ऐकू यायचे. खुर्ची सोडली की पडद्याला कुलूप, मग पाणी प्यायला का जाईना. आणि चूक झाली की तीन ओळींची मेल: काय झालं, मी काय करतोय, केव्हापर्यंत होईल. "कारणं चौथ्या ओळीत लिहायची," काका म्हणत, "आणि चौथी ओळ लिहायची नाही."

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात 'शिक्षक' या रकान्यात काकांचं नाव छापून आलं. छप्पन्नाव्या वर्षी. काका ते मला दाखवायला घेऊन आले. त्यांनी त्याची झेरॉक्स काढून घरी नेली, थोरल्या भावाला दाखवायला.

या थोरल्या भावाचं सांगायला हवं. दादा म्हणजे टपालखात्यातले. तीस वर्षं पत्रं वाटली. कुठल्या घरात कोण राहतं, कुणाचा मुलगा कुठे असतो, सगळं तोंडपाठ. आता काकांकडेच राहतात आणि काही आठवत नाही. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. दादांनी तो कागद बराच वेळ पाहिला, धाकट्या भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोण?" काका हे मला हसत हसत सांगत होते. मग डबा धुता धुता म्हणाले, "दादाचंही साठीच्या आतच सुरू झालं होतं, बाई."  

या वर्षी मॅडमनी एक पाऊल पुढे टाकलं. बत्तीस मुलांना सहा आठवडे खऱ्या कार्यालयांत पाठवायचं. कोण कुठे, ते काकांनी ठरवायचं. काका पंधरा दिवस त्या यादीत बुडाले होते. एका तक्त्यात चार रकाने: नाव, कार्यालय, कुणाला भेटायचं, किती वाजता. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. एकेक मूल डोळ्यांसमोर आणून जागा दिली. वर्गात एक मुलगी होती, तिला कुजबूज म्हणत, कारण तिचं बोलणं शेजारच्या खुर्चीलासुद्धा ऐकू जात नसे. काका म्हणाले, "हिला नकाशे काढणाऱ्यांकडे देतो. तिथे दिवसभर कुणी बोलत नाही. पोरीचा हात बघा कसा बारीक चालतो." आणि भोंगा नावाचा एक मुलगा होता, त्याला सहलीच्या कंपनीत, फोनच्या टेबलावर. त्याला फोनची गरजच नव्हती, तो खिडकीतून बोलला असता तरी चाललं असतं.

गुरुवारी काकांनी यादी तीनदा तपासली. म्हणून शुक्रवारी चौथ्यांदा तपासली नाही. शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्यांनी एक कळ दाबली आणि तक्त्यातून उचलून प्रत्येक मुलाला पत्र गेलं, प्रत्येक कार्यालयालाही पत्र गेलं.

सोमवारी सगळी मुलं आपापल्या जागी वेळेवर पोचली. कार्यालयांच्या हाती तीच नावं होती. सगळं कसं जुळलेलं. आणि सगळंच चुकलेलं.

बुधवारी कुजबूज व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. मी विचारलं तेव्हा ती काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. काका बाहेर आले, तिच्या तोंडाशी कान नेला आणि जागच्या जागी थिजले. पोरीला सहलीच्या कंपनीत फोनच्या टेबलावर बसवलं होतं. तीन दिवस ती फोन उचलत होती आणि पलीकडची माणसं "हॅलो, हॅलो" करून ठेवून देत होती.

"अगं, मग पहिल्याच दिवशी का नाही आलीस?" काकांनी विचारलं.

आता ती एवढ्या मोठ्याने बोलली की मलाही ऐकू आलं. "मला वाटलं, तुम्हीच मुद्दाम पाठवलंय. भीती जावी म्हणून."

मग एकेकाला फोन झाले. भोंगा नकाशांच्या कार्यालयात तोंड मिटून बसला होता. त्याला वाटत होतं, काकांनी आपल्याला गप्प बसण्याचा धडा दिलाय. हिशेबात हुशार असलेला एक जण गुरांच्या दवाखान्यात नोंदी करत होता. त्याला वाटत होतं, काकांना आपल्यात काहीतरी दिसलं असणार. बत्तीस जणांनी बत्तीस कारणं शोधली होती. यंत्राने गोंधळ घातला होता आणि विश्वासाने तो झाकला होता. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असला सगळा प्रकार, पण हसू कुणाला येईना.

काकांनी जुनी प्रत शोधली, दोन मिनिटांत तक्ता पूर्ववत केला. पण माणसं काही दोन मिनिटांत पूर्ववत होत नाहीत. तीन कार्यालयांनी सांगितलं, आता तुमचं कुणीच नको. वरून मॅडमना विचारणा झाली. मॅडम म्हणाल्या, "सिस्टिमची चूक असं लिहू या का?" मला ते पटलंही होतं. सिस्टिमला कुठे पोटपाणी आहे! पण काका म्हणाले, "मॅडम, बदल केव्हा झाला ते तक्ता सांगतो. शुक्रवारी एक वाजून वीस मिनिटं. माझ्या खात्यातून, माझ्या यंत्रावरून. खुर्ची सोडताना मी कुलूप लावल्याशिवाय उठत नाही. म्हणजे मीच." आणि त्यांनी सगळ्यांना तीन ओळींची मेल लिहिली. चौथी ओळ नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण त्यांनी वर्ग सोडला. पुढच्या आठवड्यात म्हणाले, महिनाअखेर नोकरीही सोडतो. अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवलाय. मला काही उलगडेना. बत्तीस पत्रं चुकीच्या जागी गेली म्हणून कुणी सव्वीस वर्षांवर पाणी सोडतं का? मला रागच आला. मी तरातरा त्यांच्या कक्षात गेले.

काका एकटेच होते. टेबलावर एक वही. पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. वहीत त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'दहा पाच, दार उघडलं. दहा वीस, पंखा लावला. अकरा, मॅडमचा फोन, उत्तर दिलं.'

"हे काय चालवलंय?" मी म्हणाले.

"मला आठवत नाही, बाई," काका म्हणाले. "तक्त्याला हात लावल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. शुक्रवारी तुम्ही यादी मागितली होती, आठवतं? पुस्तकं परत आल्याचे दाखले करायला. दुपारून देतो म्हणालो होतो. संध्याकाळी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, मिळाली. म्हणजे मी दिली. तेही मला आठवत नाही. दादाचं असंच सुरू झालं." ते शांतपणे बोलत होते, आणि तेच मला सोसवेना. "मंगळवारी डॉक्टरकडे नंबर लावलाय. पण ते काहीही म्हणोत, इथून निघालेलं बरं. पुढच्या खेपेला काय करून बसेन, कुणी सांगावं."

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "पण बिघडलं तरी नेमकं काय? यादी तर तीच, माणसं तीच."

ते उठले आणि मला घेऊन माझ्याच ग्रंथालयात आले. जुन्या कार्डांचा खण अजून मी ठेवलाय. तो त्यांनी ओढला. "समजा, या कार्डांवरची पुस्तकांची नावं तेवढी सोलून काढली," ते म्हणाले. "ती अ पासून ज्ञ पर्यंत नीट लावली आणि परत ओळीने चिकटवली. पण खालचे कपाटाचे आकडे हलवलेच नाहीत. काय होईल?"

"कुठलंही पुस्तक कुठेही," मी म्हणाले.

"तसंच. कुणीतरी नावांचा रकाना तेवढा निवडला आणि अनुक्रमाने लावला. म्हणजे मी लावला. नावं हलली, कार्यालयं जागच्या जागी."

काका बोलत होते आणि माझे कान गरम होत होते. शुक्रवारी दुपारी मी वाट बघून कंटाळले होते. दाखल्याची वही माझ्याकडे अनुक्रमाने असते. समोर दार उघडं, काका नळाकडे डबा धुवायला गेलेले, यंत्र चालू, तक्ता समोरच. मी त्यांच्या खुर्चीत बसले. नावांचा रकाना निवडला, अनुक्रमाने लावला. यंत्राने काहीतरी विचारलं. मी 'हो' म्हटलं. यंत्र विचारेल त्याला मी कायम हो म्हणते, वाद कोण घालणार? नावं छापून घेतली आणि सेव्ह न करता बंद केलं. मूळ कागद होता तसाच राहतो ना!

आता मात्र यंत्रं आपली आपण सेव्ह करतात. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. मुलं त्यावरूनच तर काकांची चेष्टा करायची. पण ठाऊक असणं आणि हाताला कळणं यांत फार अंतर असतं.

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. बोलले नाही. मी कार्डांचा खण आत ढकलला आणि म्हणाले, "अस्सं." एवढंच. काका परत गेले, आणि मी दिवसभर उगाच पुस्तकं पुसत बसले.

चार दिवस मी गप्प राहिले. लिहिताना लाज वाटते, पण राहिले. मनाला हजार पळवाटा. कशावरून मीच? एक वीसच वाजले होते कशावरून? माझी नोकरीची दोन वर्षं उरलीत, बावीस वर्षांत एक पुस्तक चुकलं नाही, आणि आता बत्तीस माणसं? शिवाय काकांनी आपणहून कबूल केलंच आहे, मग आता उकरून कुणाचं भलं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासीच दोर घेऊन आला होता आणि चोर समोरच्या दारात बसून चहा पीत होता.

त्या चार दिवसांत काकांकडे बघवत नव्हतं. दाराला कुलूप लावून सहा पावलं जायचे, परत येऊन ओढून बघायचे, वहीत लिहायचे. मुलांपैकी कुणी काही विचारलं की "मला नका विचारू, चुकीचं सांगेन" म्हणायचे. कुजबूज आता नकाशांच्या कार्यालयात रुळली होती. ती एक नकाशा दाखवायला घेऊन आली. काकांनी तो पाहिला आणि तिलाच विचारलं, "हे तुला मीच शिकवलं का गं?" ती बिचारी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घातली.

सोमवारी दुपारी नळावर काकांनी मला विचारलं, "बाई, एक सांगाल? त्या दिवशी यादी देताना मी ठीक दिसत होतो का? म्हणजे बोलण्यात काही वेगळं वाटलं? उद्या डॉक्टर विचारतील."

माझ्या हातातला डबा खाली पडला. झाकण घरंगळत बाकाखाली गेलं. ते काढायला काका वाकले, तर मी म्हणाले, "राहू दे ते. काका, यादी तुम्ही मला दिलीच नव्हती."

"मिळाली म्हणालात की."

"मिळाली म्हणाले. तुम्ही दिलीत असं नाही म्हणाले. मी घेतली. तुम्ही इथे डबा धूत होता तेव्हा, तुमच्या खुर्चीत बसून. नावं मी लावली अनुक्रमाने. मला वाटलं, सेव्ह केलं नाही म्हणजे काही झालं नाही."

काका तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश उभे राहिले. नळ चालूच होता.

"पडद्याला कुलूप नव्हतं?"

"नव्हतं."

मला वाटलं, आता आवाज चढणार. बावीस वर्षांत कधी ऐकला नव्हता, पण आज त्यांचा हक्क होता, आणि मी ऐकून घ्यायला उभी होते. काकांनी खिशातून ती वही काढली. उघडली नाही. नुसती हातात धरली.

"म्हणजे तक्त्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं," ते एकेक शब्द मोजत म्हणाले, "कारण मी लावलाच नव्हता."

"हो."

"आणि यादी दिल्याचं आठवत नव्हतं, कारण दिलीच नव्हती."

"हो, काका."

"मग माझं डोकं मला खरंच सांगत होतं की! मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही."

आणि ते लंगड्या बाकावर बसले. बाक कलंडला, ते सावरले, आणि खांद्यावरचं यंत्रं पुसायचं फडकं त्यांनी तोंडावर धरलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. मी नळ बंद केला आणि त्यांच्या शेजारी बसले. माझ्या डोळ्यांचं मात्र मला नक्की कळत होतं.

जरा वेळाने मी म्हणाले, "चार दिवस मला माहीत होतं. तेही सांगते. वर्णन तुम्ही केलंत त्याच वेळी कळलं होतं."

काकांनी तोंडावरचं फडकं काढून त्याची घडी घातली. "चार रात्री झोप नाही मला," एवढंच म्हणाले. त्याहून जास्त काही त्यांनी मला आजपर्यंत ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी त्यांच्या यंत्रावर बसून मॅडमना मेल लिहिली, तीन कार्यालयांनाही तीच. काका मागे उभे. काय झालं, मी काय करतेय, केव्हापर्यंत होईल. बोटं थांबेनात, म्हणून पुढे लिहिलं की पूर्वी सेव्ह न करता बंद केलं की मूळ कागद तसाच राहायचा, आणि मला तसंच शिकवलं गेलं होतं.

"चौथी ओळ," काका म्हणाले.

"खरं आहे पण ते."

"खरं आहे. मीच शिकवलं होतं. खोडा."

मी खोडली. मेल पाठवणार, तेवढ्यात त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. विषयाची ओळ रिकामी होती. बावीस वर्षं विषयवार पुस्तकं लावणारी मी, विषय लिहायला विसरले होते. "काय लिहू?" मी विचारलं. काकांनी विचार केला आणि म्हणाले, "लिहा, यादीतली चूक माझी."

पुढचं थोडक्यात सांगते. मॅडमनी काकांचा अर्ज परत केला आणि मला खोलीत बोलावून पंधरा मिनिटं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. वर्ग काकांकडेच राहिला. वर एक लेखी हुकूम निघाला की यापुढे प्रत्येक यादी दोघांनी तपासायची. दुसरं नाव माझं. तीनपैकी एक कार्यालय परत तयार झालं, दोन झाली नाहीत. त्या मुलांना मी माझ्याकडे ग्रंथालयात घेतलं. अनुक्रम शिकवायला मी हात लावत नाही, ते काकाच शिकवतात. डॉक्टरकडे ते मंगळवारी गेलेच. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने छान आहे, वर्षातून एकदा येत जा.

पण त्या सोमवारचं एक राहिलं. मेल गेली, माझा डबा धुवायचा राहिला होता, त्यांचाही. काका आपला डबा घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि थबकले. परत आले. यंत्राच्या पडद्याला कुलूप लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"विसरलो होतो," ते म्हणाले. वही टेबलावरच पडली होती, पण त्यांनी त्यात काही लिहिलं नाही. डबा उचलला आणि नळाकडे गेले.